आखाजीचा झोका
खदानवाल्यांनी खडीसाठी टेकडी फोडली, तिच्यावरचा, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला झोका बांधायचा मोठा निंबही तोडला. जाताना खड्डा बुजवला, पण उलटा: काळी माती तळाला, वर नुसता मुरूम. दोन लोखंडी खांब सिमेंटात गाडून आडव्या दांड्याला पाटी अडकवली: ‘येथे वृक्षारोपण केले आहे.’ त्यांची रोपं पहिल्याच उन्हाळ्यात करपली. मग दरसाल मीच मुरूम खोदून काळी माती वर काढली, निंब लावले, पाणी वाहिलं. एकच जगला. आज आखाजीला लेक सासरहून आली आणि दोर घेऊन थेट निंबाकडे गेली. फांदी मनगटाएवढीच होती. “पुढली आखाजीले बांधसूत, माय,” मी म्हणालो. “आबा, मागली आखाजीले बी तुम्ही हाईच सांगेल व्हतं.” तिने दोर पाटीच्या दांड्यावर टाकला. “आठेच बांधा. हाई पक्कं शे.” मी दोराला रागाने हिसडे दिले. खांब हललेसुद्धा नाहीत.