बुटातली गोळी

आमच्या स्वीडनमध्ये मुलांना गोड खाऊ फक्त शनिवारी मिळतो. माझ्या नवऱ्याचा, स्तूरेचा, मधुमेह वाढल्यावर डॉक्टरांनी त्यालाही तोच नियम लावला आणि त्याने लपवलेला खाऊ शोधत वर्षभर कपाटं धुंडाळून मी थकले. त्या मंगळवारी तो बर्फातून फिरून आला, बूट काढून दाराजवळच्या बाकावर डोळे मिटून बसला. त्याचा मोजा रक्ताने भिजला होता. मी बूट उलटा केला तशी रासबेरीची टणक गोळी पडली. “ही बुटात कशी?” “लपवली होती. तू अख्खं घर उपसतेस, बूट तेवढे सोडतेस,” तो हसला. “काढायची विसरलो बघ.” “सकाळपासून हिच्यावर चाललास?” “चाललो असेन. टोचली नाही. आता शनिवारचाही खाऊ बंद, बाईसाहेब?” भांडायचं त्राण नव्हतं. मी मोजा काढून तळव्याच्या जखमेवर अंगठा दाबला. “दुखतंय?” मिटल्या डोळ्यांनीच तो म्हणाला, “अगं, आधी हात तर लाव.”