हातचं कॉलेज

दहावीला एक्क्याण्णव टक्के मिळूनही सुरुचीला घास उतरत नव्हता. तिने पाच कॉलेजांचे फॉर्म भरले: दोन मोठी, दोन बेताची, आणि कुठेच नाव लागलं नाही तर, या धास्तीने भाईंदरचं एक हातचं.

"वेडाबाई, तूच घाबरलीस तर बाकीच्यांनी काय मिठागरात कामाला जायचं?" बाबा हसले.

हातच्या कॉलेजची यादी सर्वांत आधी लागली. तिने त्याच दुपारी ओरिजिनल मार्कशीट तिथे देऊन जागा पक्की केली. मार्कशीट पंधरा दिवस परत मिळणार नव्हती, पण त्या दिवशी ती पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी चर्चगेटच्या मोठ्या कॉलेजच्या फळ्यावर तिचं नाव दुसरं होतं. प्रवेश आजच घ्यायचा होता.



खिडकीतून क्लार्कने हात पुढे केला. "ओरिजिनल मार्कशीट?"