मिरीच्या खिंकाळण्याची फी

तुम्ही, तबेला चालवणारे, लोकांची जनावरं ओलीस धरता आणि वर दरमहा त्याची फी घेता. पावती छापील देता, बोलता मऊ, पण धरता ओलीसच.

त्या दुपारी ताई आणि तिचा धाकटा भाऊ मागच्या वाटेनं आले, तेही मुद्दाम नाही. एरवी स्कूटरवरून पुढच्या फाटकानं यायचे. आज स्कूटर गॅरेजमध्ये, आणि बसचा थांबा मागच्या गल्लीत. लिदीच्या ढिगाला वळसा घालून कुंपणाच्या तुटक्या जागेतून दोघं आत शिरले.

वडिलांमागे राहिलेली त्यांची काळी घोडी, मिरी, इथे ठेवलेली होती. पुढच्या वर्षाची फी आगाऊ भरायची की नाही, ते आज ठरवायचं होतं. बसमध्ये धाकटा कुरकुरत होता, की एवढ्या पैशात माणूस हॉस्टेलला राहील आणि चार गोष्टी शिकून तरी येईल, ही काय शिकली? ताईचं उत्तर ठरलेलं. आपण फाटकात असतो तेव्हाच मिरी खिंकाळते. सुखात असल्याशिवाय जनावर असं हाक मारत नाही. यावर धाकट्याचं तोंड दर वेळी बंद व्हायचं, कारण ती हाक त्यानंही ऐकली होती.

आज कुणी खिंकाळलं नाही.

लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना घोडे, आणि एकानंही मान वर केली नाही. हलत होत्या त्या फक्त माश्या. ताईची चाल मंदावली. एवढी जनावरं एका पत्र्याखाली आणि आवाज नाही, याची तिला भीतीच वाटायला लागली.

मिरी कोपऱ्यातल्या ठाणात उभी होती. ताईनं नावानं हाक मारली, कानसुद्धा हलला नाही. गव्हाण चाटूनपुसून कोरडी. दाराची वरची फळी कुरतडलेली, आतलं पांढरं लाकूड उघडं पडलेलं. मिरीच्या ओठांना त्याचा भुसा लागला होता. धाकटा म्हणाला, आत्ताच खाऊन झालं असेल तिचं. म्हणाला खरं, पण ताईकडे न बघता.

ताईनं झुलीखाली हात घातला. रविवारी ते यायचे तेव्हा ही झूल घोडीच्या अंगावर असायचीच. हिला गारठा बाधतो, मॅनेजर सांगायचा. आज बाहेर अंग भाजत होतं आणि झूल अंगावरच होती. ताईचा हात एका बरगडीवरून दुसरीवर गेला. मध्ये मांस लागलं नाही. चटका बसावा तसा तिनं हात बाहेर ओढला.

तेवढ्यात पुढच्या फाटकावर घंटा वाजली. कुणाची तरी गाडी आली होती.

आणि सगळी शेड पेटून उठली. घोडे खिंकाळायला लागले, दारांवर टापा आपटायला लागले. मोतद्दार पाटी घेऊन धावत आला. पाटीत हिरवा चारा, वर चंदीचे दाणे. पलीकडच्या एका घोड्यापुढे, त्या गाडीवाल्यांच्याच, त्यानं ती रिकामी केली, त्याच्या पाठीवर घाईघाईनं झूल टाकली आणि घाम पुसत बाजूला उभा राहिला. बाकीच्यांकडे त्यानं पाहिलंही नाही.

मिरी खिंकाळत होती. दर रविवारी खिंकाळायची, अगदी तशी. मान ताणून, डोळे त्या पाटीवर लावून. ताई तिच्या तोंडाशी उभी होती, आणि मिरीला ती दिसत नव्हती.

धाकट्याला समजायला वेळ लागला नाही. एक शिवी हासडून तो ऑफिसच्या दिशेनं निघाला. ताईनं त्याची बाही धरली.

"हळू बोल," ती म्हणाली. "आपण घरी जाऊ. ही इथेच राहणार आहे."

धाकटा जागच्या जागी थांबला. लहानपणापासून ताईला भित्री भागूबाई म्हणणारा तो, आज त्यालाही पुढे जाववेना. गावात दुसरा तबेला नव्हता, आणि घर दुसऱ्या मजल्यावर. आपण भांडून निघून जायचं, मग त्या भांडणाचा राग इथे कुणावर निघणार?

मॅनेजर आला तो हसतच. मागून कसे आलात, चहा सांगू का, असं काहीबाही विचारत राहिला. मग त्याची नजर कुरतडलेल्या फळीवर गेली. असतो हो घोड्यांना लाकूड चावायचा चाळा, तो म्हणाला, आणि तुमची जरा जास्तच लाडावलीय. त्यानं दारावरून हात आत घालून मिरीला थोपटलं. मिरी मागे सरकत भिंतीला चिकटली. तो हसतच राहिला.

"ताई, आधी कळवून यायचं ना," तो म्हणाला. "आम्ही सगळी तयारी ठेवली असती."

ताईनं दार उघडलं, आत गेली आणि त्या हाताच्या आणि मिरीच्या मध्ये उभी राहिली. धाकट्याला तिनं टेम्पो बघायला पाठवलं. कुठे न्यायचं ते नंतर बघू, ती म्हणाली, टेम्पो येईपर्यंत मी इथून हलत नाही. धाकटा एकदा तिच्याकडे, एकदा मॅनेजरकडे बघत पळत सुटला.

मॅनेजरचं हसू मावळलं. त्यानं दार ओढून घेतलं. त्याचा हात बाहेरच्या कडीवर होता.

ताईनं त्या हाताकडे पाहिलं, मग थेट त्याच्या तोंडाकडे.

"आम्ही कळवत नाही, त्या दिवशी ही काय खाते? सांगा."