पेव

कापसाला सोन्याचा भाव आला, तसं अकोटच्या खुशालरावांनी सगळं रान कापसाखाली आणलं. वडिलांनी दुष्काळासाठी पेवात राखलेली ज्वारीही विकून टाकली आणि जमिनीखालचं ते थंडगार पेव कापूस घेणाऱ्या गोऱ्या साहेबाला दारूच्या बाटल्या ठेवायला दिलं.

"पोर्ट म्हनतात तिले. जितकी जुनी, तितकी चांगली!" ते गावभर सांगत सुटले.

तिसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. खुशालराव बाजारातून रिकामं पोतं घेऊन परतले. साऱ्या मुलखानं कापूसच पेरला होता, ज्वारीचा दाणा कुठून असणार? बायको गोदाबाई पेवाच्या तोंडाशी बसली होती.

"साहेबाची दारू किती वर्सं टिकते म्हने?"

"वीस."



"अन् आपन?"