आमटीचा गुंडू

“तू बस गुंड्या. पहिल्या पंगतीलाच बस,” म्हणत हंबीररावांनी धाकट्या भावाला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि पुढं स्टुलावर पत्रावळ मांडली. सगळी पंगत खाली पट्ट्यांवर आणि गुंडू एकटाच वर. मंत्री आल्यागत.

लग्न हंबीररावांच्या लेकीचं, पूर्णिमाचं. वऱ्हाड पन्हाळ्याचं. मंगळवार पेठेतल्या कार्यालयात अक्षता नुकत्याच पडल्या होत्या. लग्नात पाहुणे आधी जेवतात, घरची माणसं वाढतात, आणि सगळ्यात शेवटी उरलंसुरलं गोळा करून हसतखिदळत जेवतात. उसाच्या ट्रॉलीखाली गुंडूचे मांडीपासून दोन्ही पाय गेले, त्याला तीन वर्षं झाली. त्याआधी तो भावकीतल्या कुठल्याच लग्नात पहिल्या पंगतीला बसला नव्हता. आमटीची बादली त्याचीच असायची. दोनशे पानं वाढून व्हायची, पण कुणाच्या धोतरावर थेंब म्हणून पडायचा नाही. आता लोक त्याच्याशी फार चांगलं वागत. दारात आला की खुर्ची देत, आधी जेवू घालत आणि लगेच रिक्षा बोलावत. त्या चांगुलपणानं त्याचा जीव अगदी नकोसा झाला होता.

पंगतीत भात पडला आणि तिथंच घात झाला. तीन वाजता पेठेच्या संघाचा फुटबॉलचा सामना होता. वाढायला आलेली तालमीतली डझनभर पोरं कमरेचे टॉवेल खिडकीत टाकून पसार झाली होती! कोल्हापूरची पोरं ती, सामना म्हटल्यावर स्वतःच्या लग्नातनंसुद्धा उठून जातील. मागं उरले हंबीरराव, चुलतभाऊ आकाराम आणि कंबरेला पट्टा बांधलेले दोन म्हातारे. दोनशे पानांवर कोरडा भात निवत होता. दोन्ही म्हातारे चार पानं वाढून होताच कंबर धरून उभे राहत होते. वऱ्हाडातला एक मिशाळ पाहुणा मोकळ्या द्रोणाकडं बघून घसा खाकरायला लागला. हंबीररावांचं तोंड उतरलं. पहिल्याच दिवशी वऱ्हाड तिष्ठत ठेवलं, हा टोमणा लेकीला जन्मभर ऐकावा लागणार होता.

गुंडूनं बायकोला हाक मारली. “शाले, पाट आणलास?”

“आणलाय की.” शालूबाईनं कोठीत ठेवलेलं चादरीचं बोचकं सोडलं. आत चाकांचा बुटका पाट होता. खाली चार बेअरिंगची चाकं, वर गादी. हंबीररावांनी तो माळ्यावर टाकायला सांगितला होता. हिनं तो गुपचूप लग्नात आणला. धन्य ती बाई!

पुनर्वसन केंद्रातल्या आठ महिन्यांत प्रसेनजीत सरांनी गुंडूला नव्या पायांवर उभा केला होता. पण हा पाटही त्यांनीच माप घेऊन करवला होता. “बाहेर जाताना पाय लावा. काम पडलं तर पाय काढा आणि पाटावर बसा. ज्यानं काम होतं, तो तुमचा पाय,” असं ते म्हणायचे. एका हातानं पाट सरळ रेटायला शिकण्यातच गुंडूचे दोन महिने गेले होते.

कोठीत बसून त्यानं पट्टे सोडले आणि दोन्ही पाय भिंतीला टेकवून ठेवले. तेवढ्यात हंबीरराव आत आले.

“खुळा झालास काय रं? पावण्यांम्होरं भुईवर सरपटत जाणार तू?” त्यांचे डोळे भरून आले. “न्हाई बघवत रं मला तुला असं.”

“मग बघू नगंस,” गुंडू म्हणाला. “बादली भर.”

हंबीररावांनी बादली भरली. दुसरं करणार काय!

पाटाच्या पुढच्या अंगाला बादली, डाव्या हातात जमिनीला रेटायचा लाकडी ठोकळा, उजव्या हातात वगराळं. गुंडू पंगतीत शिरला तशा सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. गुंडूनं तिकडं बघितलंच नाही. बाकीच्यांना दर पानापुढं वाकावं लागत होतं, उठावं लागत होतं. गुंडू मात्र जेवणाऱ्यांच्याच उंचीवर होता. एक वगराळं आमटी, एक रेटा, पुढचं पान. बघता बघता निम्मी पंगत झाली आणि थेंब कुठं सांडला नाही.

“ओ आमटीवालं!” मिशाळ पाहुणा ओरडला. “कवाधरनं बसलोय! आमी काय कोरडाच भात गिळायचा व्हय?”

हंबीरराव हात जोडत धावले. त्यांच्याआधी गुंडूचाच आवाज गेला. “आलो की पावणं! आमटी काय पळून चाललीया?”

पाहुणा मिशीत हसला. मग सगळीकडनंच हाका सुरू झाल्या. हिकडं आमटी, तिकडं आमटी, वाईच पातळ घाला, जरा फोडी येऊ द्यात! तिसऱ्या पंगतीपर्यंत पाटाकडं कुणाचं लक्षच उरलं नाही. सगळ्यांचे डोळे बादलीवर.

पाच वाजता वाढणाऱ्यांची पंगत बसली. सामना हरून आलेली पोरं खाली मान घालून त्यांना वाढत होती. गुंडूचे खांदे भरून आले होते, आणि तीन वर्षांत लागली नव्हती अशी भूक लागली होती.

शेजारी बसलेला आकाराम भात कालवता कालवता म्हणाला, “येत्या आईतवारी आमच्या जोतीरामाचं लगीन हाय.”

“ठावं हाय की. परवाच घरी येऊन पत्रिका दिलीस न्हवं?”

“ती माघारी दे,” आकाराम म्हणाला. “सकाळी आठाला पाट घिऊन ये. आन् नुस्तं जेवायला म्हणून आलास तर याद राख!”