ताजा हार, मुक्काम चाकण

नाकात कापूस घातला आणि मयताला शिंक आली.

“अंबूआक्का, मेलेलं माणूस शिंकत न्हाई,” चिमाजी म्हणाला आणि त्यानं कापूस जरा सैल केला.

अंबूबाई ओसरीवर पांढऱ्या चादरीखाली आडवी होती, चांगली धडधाकट. मरायची युक्ती भावकीतल्या चिमाजीची. अंबूबाईचा एकुलता यशवंता पिंपरीच्या नव्या कारखान्यात चिकटल्याला तीन वर्षं झाली. तिथनं चाकण म्हणजे एका एसटीची वाट. पण पिंपरीत गेल्यावर यशवंताचा यशवंतराव झाला, मनगटावर घड्याळ आलं आणि आईचं दार तेवढं सापडेना. म्हातारीनं अंगात ताप आहे म्हणून कळवलं, यशवंतरावानं कंडक्टरजवळ गोळ्या धाडल्या. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून कळवलं, तर कुणाचा तरी जुना चष्मा आला. शेवटी चिमाजी म्हणाला, आता मरूनच बघ.

मारुतराव कंडक्टर सकाळची गाडी घेऊन पुण्याला निघाला, तेव्हा चिमाजीनं त्याच्याकडं निरोप दिला. म्हातारी गेली, पोराला पिंपरीच्या फाट्यावर गाठून सांग, दुपारच्या गाडीपर्यंत मयत ठेवतो. मारुतरावाला ते खरंच वाटलं. त्यानं तिथल्या तिथं टोपी काढली.

म्हातारीला खात्री होती. आईला अग्नी द्यायला पोरगा न येऊन जातो कुठं. आला की चादर फेकायची, त्याचा कान धरायचा, पोटभर शिव्या द्यायच्या आणि जेवायला वाढायचं, एवढंच तिच्या मनात होतं. मयताच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून त्याच्या आवडीची वांग्याची भाजी शेजारच्या रंभेकडं शिजत होती. रंभा तिकडं भाजी हलवायची आणि इकडं येऊन गळा काढायची. दोन्ही कामं झकास चालली होती. चादरीखालनं अंबूबाई तिला मधेच सांगायची, कूट जरा जास्त घाल.

दुपारची गाडी आली. चिमाजीनं वाकून बघितलं. मारुतराव एकटाच येत होता. हातात केळीच्या पानात बांधलेलं ओलं गाठोडं. त्यानं ते मयताच्या पायाशी ठेवलं, हात जोडले आणि खाली मान घालून उभा राहिला.

चिमाजीनं विचारलं, पोरगा कुठाय. मारुतराव चाचरत सांगायला लागला. फाट्यावर यशवंतरावांना निरोप दिला. त्यांनी घड्याळ बघितलं, अरेरे म्हणाले आणि पुण्याच्याच गाडीत चढले. मंडईत स्वतः उभं राहून हार करवून घेतला. शिळी फुलं आत जातील म्हणून माळ्याच्या हातावरनं नजर काढली नाही. येताना याच गाडीला बसले. हार मांडीवर घेऊन फाट्यापर्यंत आले.

“मग?”

“मग हार माझ्याकडं दिला आन् फाट्याला उतरले.”

रंभेनं गळा काढायचा थांबवला.

गाठोड्यात चिठ्ठी होती. चिमाजी तालुक्याचा कागद वाचावा तशी मोठ्यानं वाचायला लागला. शिफ्ट सोडता येत नाही. हार ताजा आहे, वाटेत दोनदा पाणी मारायला सांगितलं आहे. अग्नी चिमाजीकाकांनीच द्यावा. इथपर्यंत त्याचा आवाज बरा होता. पुढची ओळ त्यानं पुटपुटत वाचली. घराची किल्ली परतीच्या गाडीनं पाठवावी.

पन्नाशीपर्यंत चिमाजीनं गावात एकही माणूस गंडवायचा ठेवला नव्हता. आज पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या युक्तीवर हसू येईना.

चादर हलली. अंबूबाई उठून बसली. मारुतराव मागं सरकला तो थेट खांबावर आदळला आणि देवाचं नाव घ्यायलाही विसरला. म्हातारीनं नाकातला कापूस काढला, केळीचं पान सोडलं आणि हार हातात घेतला. निशिगंध, मधे लाल गुलाब. एकही पाकळी कोमेजलेली नव्हती. तिनं बोटानं एकेक फूल चाचपलं, चिमाजीला वाटलं ती आता हार भिरकावणार. पण तिनं तो पुन्हा पानात नीट बांधला, वरनं तांब्यातलं पाणी मारलं आणि मारुतरावाच्या हातात दिला.

“गाडी परत कवा सुटती?”

“अर्ध्या तासानं,” मारुतराव कसाबसा म्हणाला.

“मग हार सुकायच्या आत न्हे. फाट्यावर ज्याचा त्याला घाल.”

मारुतराव चालता झाला. चिमाजी काही तरी बोलायला गेला. अंबूबाईनं हातानंच त्याला गप केलं, भिंतीला धरून उभी राहिली आणि अंगणात उतरली.

“रंभे, गार पाणी काढ. लुगड्यासकट न्हायचंय. पोरगा गेला माझा.”