शेवटच्या घरापुढची जाळी

त्या पत्राला गजाननरावांनी उत्तर दिलं नव्हतं. रामबागेतल्या एका गल्लीचा उतार जिथे संपतो, तिथून ते आलं होतं. ‘सासूबाई खाटेवरून हलू शकत नाहीत. गेल्या पावसात पाणी खाटेच्या सुतळीला लागलं. रस्त्यावरची जाळी आमच्या दारासमोर बसवा, आमची हरकत नाही.’ खाली सही : सौ. भानुमती, शेवटचं घर.

गल्लीखालून नवी नाली चालली होती. रस्त्याचं पाणी तिच्यात उतरवायला एकच लोखंडी जाळी मंजूर होती. ती कुठे बसवायची, हे नकाशावर दाखवायचं काम गजाननरावांचं.

त्यांनी आधी प्रतापरावांच्या दारासमोर खडूने खूण केली. प्रतापराव मिशांवरून हात फिरवत बाहेर आले.

“वा गजाननराव! आमचे आजोबा ह्या दारात घोड्यावरून उतरायचे. तिथे आता गटाराचा वास? तुम्ही तर आपलेच. जरा समझा करो!”

खूण पुसली. थोडी वर, रघुवीरच्या दारापुढे काढली. रघुवीरची बायको शशिकला कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“भाऊजी, दिवाळीत लक्ष्मीची पावलं काय जाळीवर काढू? सीधी नालीत जाईल ती!”

सगळे हसले. गजाननरावही हसले, आणि खूण पार वर, चौकातल्या पिंपळाखाली नेली. तिथे कुणाचंच दार नव्हतं.

कचेरीत दिवाकरने नकाशा आणि त्याला जोडलेलं ते पत्र पाहिलं. तो ग्वाल्हेरहून नुकताच बदलून आलेला ओव्हरसियर.

“अहो, चढावर जाळी? तिथे पाणी दौडत येतं, सळयांवरून उडी मारून पुढे जाईल. ते थांबतं कुठे? खाली. शेवटचं घर तर स्वतःहून मागतंय! तिथे दाखवा, मी सही करतो.”

“लोक बोलतील.”

“काय बोलतील?”

गजाननराव टाकाची निब पुसत राहिले.

“आणि ती म्हातारी?”

“लहानपणी चंबळेत पोहायची,” गजाननराव इतक्या हळू म्हणाले की दिवाकरला ऐकू गेलं नाही.

“जैसी आपकी मर्जी,” तो वैतागून उठला.

नकाशा पिंपळासकट कायम झाला. मग गजाननरावांनी कोरा कागद घेतला. एवढं कठोर लिहावं का, असं वाटून दोनदा खोडलं. शेवटी नेहमीचंच वाक्य उतरलं : ‘जागा निश्चित झाली असल्याने आपली विनंती मान्य करता येत नाही.’ पाकिटावर मध्यभारत शासनाचा शिक्का मारला, पत्ता लिहिला.

बाहेर आभाळ फुटायला आलं होतं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट टाकून गजाननरावांनी धोतर वर खोचलं आणि ते घाईघाईने त्याच पत्त्यावर निघाले. पाणी चढायच्या आत आईची खाट विटांवर घ्यायची होती.